वडिलांचं नाव नागेश

फेब्रुवारीत विमा कंपनीचं पत्र आलं आणि मोहिनी भोयरच्या टेबलावर लिफाफ्यांचा ढीग लागायला सुरुवात झाली.

हिंगणघाटहून जाताना वडनेरच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या सूतगिरणीत ती एचआर विभागात कामाला होती. चार वर्षं झाली तरी अजून कंत्राटावरच. गिरणीत ज्यांचा पगार ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, मर्यादेबाहेर गेला होता, अशा तीनशेवर माणसांचा कंपनीने एकत्र आरोग्यविमा काढलेला होता. त्यात माणूस स्वतः, बायको, दोन मुलं आणि आईवडील एवढे बसत. गेल्या दोन वर्षांत दावे फार वाढले, असं विमा कंपनीचं म्हणणं पडलं. कार्डावर ज्यांची नावं आहेत ती माणसं खरोखर कर्मचाऱ्यांच्या घरची आहेत का, ते कागदानिशी तपासून द्या, तरच एक एप्रिलपासून विमा पुढे चालेल, असं त्यांनी कळवलं. बायकोसाठी लग्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड, मुलांसाठी जन्माचा दाखला, आईवडिलांसाठी आधार.

"किचकट काम आहे, म्हणून तुलाच देतेय," हर्षा मॅडम म्हणाल्या. "हे नीट पार पाडलंस की एप्रिलमध्ये तुझी कायम करण्याची फाईल मी स्वतः वर नेते."

हर्षा मॅडम विभागाच्या मॅनेजर. रोज नागपूरहून येऊन-जाऊन करायच्या. बोलायला तुटक, पण शब्दाच्या पक्क्या. मोहिनीने त्या दिवशी हिंगणघाटला घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं, आणि आईने शेजारी तीन घरी सांगितलं.

पहिले आठ-दहा दिवस हसण्यातच गेले. गोदामातल्या बापूजींनी सासूबाईंना आई म्हणून कार्डावर चढवलेलं निघालं. विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "जावई म्हनजे पोरगाच असते ना मॅडम." एका सुपरवायझरचा 'शिकत असलेला' मुलगा पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. मोहिनी नावांवर रेघ ओढायची, माणसं थोडी कुरकुर करायची आणि मशीनवर परत जायची. आपण काही वाईट करतोय असं तिला एकदाही वाटलं नाही.

मग टिकाराम उईकेचा लिफाफा आला.

टिकाराम सूत कातणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे रिंग फ्रेम विभागात फिटर होता. मूळचा गिरडच्या टेकड्यांकडचा, गोंड समाजातला. गिरणीत लागल्यापासून वडनेरला खोली करून राहत होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा. फ्रेमचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचा. त्याच्या लिफाफ्यात सगळं नेटकं लावलेलं होतं. आधार, रेशनकार्ड, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. मुलीचं नाव स्वीटी. आईचं नाव गंगा. वडिलांचं नाव नागेश.

मोहिनीचा हात थांबला. तिला सगळं आठवलं.

तीन वर्षांपूर्वी टिकारामचा पगार वाढून त्याचं ईएसआय सुटलं, तेव्हा तो विम्याचा फॉर्म भरायला याच टेबलापुढे उभा राहिला होता. मागे पंधरावीस माणसांची रांग. "मॅडम, पोरगी माह्या भावाची हाये," त्याने न विचारता सांगितलं होतं. "भाऊ वारला. समाजानं वहिनीले माह्या घरी बसवलं. आता माहीच पोरगी हाये."

"मग मुलगीच लिहिते," असं म्हणून मोहिनीने नात्याच्या रकान्यात तसं लिहिलं होतं आणि पुढच्याला हाक मारली होती.

तिने कपाटातून जुनी फाईल काढली. फॉर्म होताच. निळ्या शाईतलं तिचंच गोल अक्षर, खाली टिकारामची ठसठशीत सही. फाईलीत मागे दवाखान्याचे कागद लावलेले होते. स्वीटीला सिकलसेलचा, रक्तातला जन्मजात आजार होता. अंग दुखून दुखून पोर तळमळायला लागली की टिकाराम तिला हिंगणघाटच्या खाजगी दवाखान्यात न्यायचा, कार्ड दाखवायचा आणि भरती करायचा. तीन वर्षांत चार वेळा. चारही वेळचे कागद मोहिनीच्याच टेबलावरून गेले होते.

ती हर्षा मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "मॅडम, एका केसमध्ये मुलीच्या वडिलांचं नाव जुळत नाहीये. सख्ख्या भावाची मुलगी आहे. भाऊ वारलाय, आणि भावाच्या बायकोशी यांचं लग्न झालंय."

"मग सावत्र मुलगी म्हणून बसेल की," हर्षा मॅडम म्हणाल्या. "पॉलिसीत स्वतःचं, कायदेशीर दत्तक आणि सावत्र, तिन्ही चालतात. भावाच्या मृत्यूचा दाखला आण आणि यांच्या लग्नाची नोंद. दोन कागद. नाही मिळाले तर," त्यांनी खणातून एक छापील कागद काढला, "हे भरून घे. पंचवीस मार्चपर्यंत जो स्वतःहून नाव काढेल, त्याला मागचं काही विचारायचं नाही असं ठरलंय. नंतर सापडलं तर मात्र खोटी माहिती दिली म्हणून कारवाई. नोकरीवरही येऊ शकतं." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मूळ फॉर्मवर त्याने काय लिहिलं होतं?"

"मुलगी," मोहिनी म्हणाली.

कुणी लिहिलं होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कागद घेऊन ती बाहेर आली.

चहाच्या सुट्टीत तिने टिकारामला बोलावून घेतलं. तो हात पुसत आला, खुर्चीवर न बसता उभाच राहिला.

"टिकारामभाऊ, तुमच्या भावाच्या मृत्यूचा दाखला आहे का?"

"नाई जी. काढलाच नाई. कोनं मागतलाच नाई."

"आणि तुमच्या लग्नाची नोंद?"

"सारा गाव होता लग्नाले," तो म्हणाला. "नोंद कायची?"

मोहिनीने सगळं समजावून सांगितलं. जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं आणि शेवटी तो छापील कागद पुढे सरकवला. टिकारामने तो उचलला आणि ओठ हलवत वाचायला लागला. 'मी याद्वारे जाहीर करतो की, खाली नमूद केलेली व्यक्ती ही माझी मुलगी नसून माझ्यावर अवलंबूनही नाही. तरी तिचे नाव यादीतून वगळण्यात यावे.' वाचून झाल्यावर त्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही आहे का ते पाहत असावा.

"हे मी लिहून देऊ?"

"फक्त सही करायची आहे."

"मॅडम, पोरगी रोज माह्या ताटात जेवते. अवलंबून नाई म्हंजे काय?"

मोहिनीला दुसरी एक वाट सुचली. ती म्हणाली, "दाखल्यात वडिलांचं नाव बदलून घेता येईल का, ते बघू. प्रतिज्ञापत्र करून, गॅझेट वगैरे. तुमचं नाव लागलं की प्रश्नच मिटतो."

टिकारामने तिच्याकडे असं पाहिलं की तिला आपण काहीतरी फार वाईट बोललो असं वाटलं.

"मंग नागेशचं काय राह्यलं?" तो म्हणाला. "त्याचं शेत नाई, घर नाई, फोटो बी नाई. त्या पोरीच्या नावात तेवढा हाये तो."

भोंगा वाजला. टिकारामने कागद चार घड्या करून खिशात ठेवला. दारापर्यंत जाऊन तो वळला. "तुमीच लिवलं होतं ना मॅडम तेव्हा?" आवाजात राग नव्हता. खात्री करून घ्यावी तसं त्याने विचारलं. मोहिनीने होकारार्थी मान हलवली. तो गेला.

रविवारी ती वडनेरला त्याच्या खोलीवर गेली. का जातोय, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मदत करायची होती हे खरं, पण टिकाराम तो फॉर्म कुणी भरला ते बाहेर बोलेल का, याची धाकधूकही होती. टिनाच्या छपराची एक खोली, पुढे सारवलेलं अंगण. गंगा सुपात हरभरा पाखडत होती. टिकाराम भाजी आणायला बाजारात गेला होता. भिंतीला टेकून अकरा वर्षांची स्वीटी वहीत लिहीत होती. पोर हाडापेराने बारीक, डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीसारखी झाक.

"तुमीच काय त्या मॅडम," गंगा म्हणाली. सतरंजी टाकली, पाणी दिलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मोहिनीने नागेशचं विचारलं. गंगाने पाखडणं न थांबवता सांगितलं. पोळ्याच्या दिवसांत त्याला ताप आला. बैलगाडीतून नेऊ म्हणेपर्यंत चौथ्या दिवशी गेला. गावाच्या मागे टेकडीखाली पुरलं. तेव्हा स्वीटी तीन वर्षांची होती. पुढच्या वर्षी समाज बसला. टिकारामचं तेव्हा लग्न झालं नव्हतं.

"यायले इचारलं, वहिनीले आन् पोरीले घरात घेशील का म्हून. हे म्हनले, पोरगी तं माहीच हाये, वहिनीले इचारा तिचं मन हाये का." गंगाचे हात क्षणभर थांबले. "इतल्या लोकायसमोर मले कोनं पहिल्यांदा काई इचारलं, तं यायनं इचारलं."

मग तिने सूप खाली ठेवलं.

"तुमीच लिवलं म्हने त्या कागदावर, मुलगी म्हून. यायनं तं खरं सांगतलं होतं. मंग आता खोटं यायचं कसं झालं?"

"मी काहीतरी करते वहिनी," मोहिनी म्हणाली.

स्वीटीने लिहिता लिहिता वही मिटली होती. ती उठून खुंटीवरच्या टिकारामच्या शर्टाकडे गेली, खिशातून तो चार घड्यांचा कागद काढला आणि मोहिनीपुढे धरला. कागद घड्यांवर मळला होता. पोरीने तो एकदा नाही, पुष्कळदा उघडला असावा.

"मॅडम, ह्याच्यावर सही नाई केली तं बाबाचं काम जाईन का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"म्या वाचलं. अन् बाबा अन् आई बोलून राह्यले होते."

गंगा तिला गोंडीत काहीतरी रागावून बोलली. पोर हटली नाही. मोहिनीला खोटं बोलता आलं असतं. पण त्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहून ते जमलं नाही.

"जाऊ शकतं," ती म्हणाली.

स्वीटीने कागद घडी घालून जागच्या जागी ठेवला आणि पुन्हा वही उघडली.

दुसऱ्या दिवसापासून मोहिनी त्या दोन कागदांच्या मागे लागली. नागेशच्या मृत्यूला आठ वर्षं होत आली होती. इतक्या उशिरा नोंद करायची तर ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला, पोलीस पाटलाचं लिहून दिलेलं, तलाठ्याचा पंचनामा, आणि या सगळ्यावर उपविभागीय कार्यालयाचा आदेश लागायचा. तिने एक दिवसाची रजा टाकली आणि टिकारामच्या मोटरसायकलवर मागे बसून त्याच्या गावी गेली. म्हातारे पोलीस पाटील अण्णाजी ओसरीवर बसले होते. "नागेश माह्यासमोर गेला," ते म्हणाले. "माती देताना मी होतो. लिहा, कोठी सही करू?" ग्रामसेवक तीन खेपांनंतर भेटला. वीस मार्चला हिंगणघाटच्या कार्यालयात अर्ज दाखल झाला. तिथल्या कारकुनाने कागद मोजून घेतले, शिक्का मारला आणि म्हणाला, "आता चौकशी होईल, जबाब होतील. तीन-चार महिने धरून चाला."

बाहेर रसवंतीवर टिकारामने तिच्यासाठी उसाचा रस मागवला. स्वतः घेतला नाही. "तुमी केलं तेवढं लय केलं मॅडम," तो म्हणाला. मोहिनीने पेला अर्धाच ठेवून दिला. आपण अजून हर्षा मॅडमना काहीच सांगितलेलं नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पंचवीस मार्चला सकाळी टिकाराम टेबलासमोर आला आणि त्याने तो कागद ठेवला. खाली सही होती. नेहमीची ठसठशीत सही नव्हती, हात दुखत असल्यासारखी वाकडी होती.

"पोरीनं कराले लावली," तो म्हणाला. "काल पेनच हातात देला. म्हने, बाबा, मले तं माहीत हाये ना, मंग त्यायले जे लिवून पाह्यजे ते द्या. तुमचं काम गेलं तं आपुन कोठी जाऊ." त्याने कागद मोहिनीकडे सरकवला. "आन् सही झाल्यावर रात्रभर बोललीच नाई. भिताडाकडे तोंड करून झोपली."

तो निघून गेला. मोहिनीने कागद खणात ठेवला. काम संपलं होतं. यादी पूर्ण झाली होती, तिने भरलेला तो जुना फॉर्म आता कुणी उघडून पाहणार नव्हतं, एप्रिलमध्ये फाईल वर जाणार होती. ती जेवायला गेली, डबा उघडला, तसाच बंद केला. दुपारी दोन माणसं आली, त्यांचे कागद तिने तपासले. एकाच्या मुलाचं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं. चार वाजता तिने जुनी फाईल काढली, तिच्यावर टिकारामचा कागद ठेवला आणि दोन्ही घेऊन केबिनमध्ये गेली.

"मॅडम, हे अक्षर माझं आहे."

हर्षा मॅडमना आधी कळलंच नाही. मग मोहिनीने सांगितलं. रांग होती, त्याने खरं सांगितलं होतं, मी मुलगी लिहिलं, त्याने मी लिहिलेल्यावर सही केली. एकदा सुरू झाल्यावर सगळं बाहेर पडलं. पहिल्या दिवशी आपण गप्प बसलो तेही.

हर्षा मॅडमनी फॉर्म उचलून सहीपर्यंत वाचला.

"फेब्रुवारीत हे मला सांगायला हवं होतंस, मोहिनी."

"हो."

"तेव्हा मी विमा कंपनीशी बोलू शकले असते. मुदत मागितली असती, काहीतरी केलं असतं. आता यादी गोठवली. त्या मुलीचं नाव मी ठेवू शकत नाही."

ही गोष्ट मोहिनीच्या मनात आलीच नव्हती. दीड महिना ती कागद जमवत हिंडली होती, आणि जिथे एक वाक्य बोलायचं होतं तिथेच बोलली नव्हती.

"त्याचा काही दोष नाही एवढं मात्र मी लिहीन," हर्षा मॅडम पुढे म्हणाल्या. "कार्यालयीन चूक म्हणून नाव काढायचं. मग या कागदाची गरज नाही. पण चूक कार्यालयाची म्हटली की ती कुणाची, हे लिहावं लागतं. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

टिकारामची सही असलेला कागद मोहिनीने संध्याकाळी गेटवर त्याला परत दिला. "याची गरज पडली नाही," ती म्हणाली. का, ते सांगितलं. टिकारामने ऐकून घेतलं. मग कागद फाडला, पुन्हा फाडला, आणि तुकडे खिशात घातले. खाली टाकले नाहीत. "पोरीले दाखवतो," तो म्हणाला आणि सायकलस्टँडकडे गेला.

एप्रिलमध्ये मोहिनीला मेमो मिळाला. कायम करण्याची फाईल वर गेली नाही. आईने शेजाऱ्यांना काय सांगितलं, ते मोहिनीने विचारलं नाही. विम्याची नवी कार्डं आली. टिकारामच्या कार्डावर दोनच नावं होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टिकाराम तीन दिवस कामावर आला नाही. चौथ्या दिवशी मोहिनीला कळलं की स्वीटी सरकारी दवाखान्यात भरती आहे. कामावरून सुटल्यावर मोहिनी तशीच तिकडे गेली. वॉर्डात स्वीटी पलंगावर कुशीवर होती, उजवा पाय उशीवर ठेवलेला. रक्ताची बाटली लागली होती. डॉक्टर, नर्स धावपळ करत होते, औषधं फुकट मिळत होती, त्याबद्दल टिकारामची काही तक्रार नव्हती.

"पहिले दोन दिस घरीच राह्यलो," तो व्हरांड्यात म्हणाला. "गोयी देल्ली, शेकलं. वाटलं उतरन. मांगं कसं, दुखलं का कार्ड घेऊन निंगायचं. आता कार्ड नाई म्हटलं का पाय उचलत नाई मानसाचा. इथं बी आनता आलं असतं ना पहिल्याच दिशी. डोक्यातच आलं नाई. वाटलं, सरकारीत गर्दी असन, पाहू उद्या."

दुखणं उतरलं, पण पाय सरळ होईना. पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याच्या हाडाला रक्त पुरत नव्हतं, तिथे इजा झाली आहे. या आजारात असं होतं. दोन दिवस उशीर झाला म्हणून झालं का, असं मोहिनीनेच भीत भीत विचारलं. "तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "हळूहळूही होत असतं." तेवढ्यावर समाधान मानता आलं असतं. मोहिनीला ते मानता आलं नाही, आणि गंगालाही नाही. गंगा त्या सगळ्या दिवसांत मोहिनीशी एक शब्द बोलली नाही. एकदाच, मोहिनीने आणलेली फळं पलंगाखाली सरकवताना, तिच्याकडे न पाहता म्हणाली, "खरं बोलाले इतले दिस काऊन लागले तुमाले?"

ऑगस्टच्या शेवटी नागेशच्या मृत्यूच्या नोंदीचा आदेश आला. त्याआधी गंगाला कार्यालयात जबाबाला उभं राहावं लागलं. पहिला नवरा कधी वारला, कशाने वारला, कुठे पुरला, तुम्ही तेव्हा कुठे होता. तिने सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर ती जिन्यातच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. टिकाराम खालच्या पायरीवर बसून राहिला, तिला गप्प केलं नाही. त्याच्याही डोळ्यांना धार लागली होती. आठ वर्षांत त्या दोघांनी नागेशसाठी एकत्र रडायची ही पहिलीच वेळ होती, असं त्याने नंतर मोहिनीला सांगितलं.

मग लग्नाची नोंद राहिली. त्याला तीन साक्षीदार लागत होते. अण्णाजी आले, टिकारामचा एक मावसभाऊ आला, आणि तिसरी सही मोहिनीने करावी असं टिकाराम म्हणाला. "वहिनींना चालेल का?" तिने विचारलं. "तिले इचारलं म्या," तो म्हणाला. "ती काई बोलली नाई. नाई म्हनायचं असतं तं बोलली असती."

वडनेरच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत बाकावर सगळे बसले. नोंदणी करणाऱ्या माणसाने लग्नाची तारीख विचारली. टिकाराम आठवायला लागला, तेवढ्यात गंगानेच ठाम सांगितलं, महिना आणि वारासकट. सह्या झाल्या. मोहिनीने आपलं नाव लिहिलं तेव्हा अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. तिने ते दोनदा वाचून पाहिलं, मगच पेन ठेवला.

"आता पुढच्या एप्रिलमध्ये नाव चढेल," ती बाहेर येऊन म्हणाली. "दोन्ही कागद मी स्वतः लावते."

"तवरिक पाहू," टिकाराम म्हणाला. सप्टेंबर सुरू होता. एप्रिलला सात महिने होते.

गंगाने दाखला पिशवीत घातला आणि स्वीटीचा हात धरला. मोटरसायकलवर बसलं की खुबा दुखायचा, म्हणून पोरगी पाय ओढत चालत होती, दर चार पावलांवर थांबत होती. गंगा तिच्या चालीनेच चालत होती, घाई न करता, मागे न पाहता. टिकाराम मोटरसायकल ढकलत त्यांच्या मागे निघाला. वळणावर त्याने मान वळवली.

"येजो मॅडम घरी कधी."

गंगा थांबली नाही. स्वीटीने मात्र एकदा मागे पाहिलं आणि हात वर केला. मोहिनीनेही हात केला. मग ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हिंगणघाटच्या गाडीची वाट पाहू लागली. ते तिघं बराच वेळ दिसत होते, कारण फार हळू जात होते.